मोर कोरडा

पुष्कळ जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की त्या राज्याचे नाव सांगणारे आता कुणी उरले नाही. लहानांनी ती नुसती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकताना मधूनच आपल्या घराच्या भिंतींकडे एकदा पाहून घ्यावे.

एका डोंगराच्या कुशीत मोठे तळे होते. तळ्याला मातीचा उंच, लांबलचक बांध होता आणि बांधाच्या खाली, उतारावर, राजाची नगरी वसली होती. नगरीतल्या विहिरींना पाणी त्या तळ्यामुळे, बागांना हिरवेपण त्या तळ्यामुळे. पण तेच तळे नगरीच्या डोक्यावर होते. बांध होता म्हणून नगरी होती, एवढे तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होते.

बांधावर थोड्या थोड्या अंतराने दगड रोवलेले होते आणि प्रत्येक दगडावर एकेक प्राणी कोरलेला होता. पहिल्या दगडावर हत्ती, मग कासव, मग मोर, मग घोडा, अगदी शेवटी मासा. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचा बांध एका राखणदाराच्या हवाली असे. दगडाशेजारीच त्याची झोपडी. कासवाचा राखणदार होता हैबती, आणि मोराचा सखोबा.

राखणदाराचे काम बघायला सोपे होते. बांधाच्या बाहेरच्या उतारावरून अनवाणी चालत जायचे. कुठे पायाला गारवा लागला, की समजायचे, आत पाणी वाट शोधते आहे. तिथे लगेच चिकणमाती आणि गवत ठासून बसवायचे. पण हे दिवसभर करून भागत नसे. उन्हात माती वरून सुकते, ओल दिसत नाही आणि पायालाही लागत नाही. ऊन उतरले की ओल उमटते. म्हणून फेरी मारायची ती दिवेलागणीच्या आधी आणि पहाटे, तेवढ्या थोड्या वेळात. ज्याचा त्याचा पट्टा पुरा करता करताच अंधार पडे किंवा उजाडे.

फेरी संपली की हाक सुटे. हत्तीचा राखणदार आपल्या दगडावर चढून ओरडे, “हत्ती कोरडा!” ती ऐकून हैबती ओरडे, “कासव कोरडं!” मग सखोबा, “मोर कोरडा!” अशी हाक दगडादगडाने पुढे जात जात माशापर्यंत पोहोचे. खाली नगरीत आया मुलांना जेवू घालताना ती ऐकत. मुलेही घासाघासाला प्राणी मोजत.

आणि एखाद्या दगडाची हाक आली नाही तर? तर बाकीचे राखणदार तिकडे धावत, आणि बांधाखालच्या आळ्यांतली माणसे मुले कडेवर घेऊन देवळाच्या टेकडीवर चढत. कधी राखणदाराला ताप भरलेला असे, कधी त्याचा घसा बसलेला असे. माणसे उगाच चढली म्हणून कुणी कुणाला हसत नसे. खाली येत, थंड झालेले जेवण पुन्हा गरम करत. अशा पिढ्या गेल्या.

राखणदारांनी बांध इतका नीट राखला, की नगरीतल्या धनिकांचे लक्ष तिकडे गेले. तिथे वारा गार होता. तळ्यात कमळे होती. शिवाय जमीन कोरडी खडखडीत, भिंतीला ओल म्हणून लागायची नाही. एका सावकाराने बांधावर हवेली बांधली, ती पाहून दुसऱ्याने बांधली. बघता बघता बांधावरच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मग दरबारातून नियम निघाला, की ज्याच्या नावावर झोपडी तो मेला की जागा सरकारजमा, आणि सरकारजमा झालेली जागा लिलावात.

सखोबाचा म्हातारा बाप त्याच साली वारला. तेरावा झाला आणि शिपाई आले. सखोबाने बायकोमुलांना घेऊन नगरीत खोली शोधली. पण एका सावकाराने भाव वाढवला की त्याच्या खालच्यानेही वाढवायचा, आणि त्याच्या खालच्याने का मागे राहायचे, अशी तिथली रीत झाली होती. शेवटी त्याला जागा मिळाली ती खिंडीपलीकडच्या पाड्यावर. चाकरी मात्र मोराचीच राहिली.

खिंडीत लांडगे फिरत. दिवस मावळायच्या आत खिंड ओलांडली नाही तर माणूस घरी पोहोचेल याची खात्री नसे. म्हणून सखोबाला ऊन उतरायच्या आधीच निघावे लागे, आणि सकाळी तो येई तेव्हा ऊन चढलेले असे. ज्या दोन वेळी बांधावर असायला हवे, नेमक्या त्याच दोन वेळी तो वाटेत असे.

पहिल्या दिवशी तो हैबतीकडे आला आणि नुसता उभा राहिला. हैबती त्याच्याहून वयाने मोठा. दोघे एकाच चिखलात खेळून वाढलेले.

“दादा, हाक चुकली तर चाकरी जाईल,” सखोबा म्हणाला.

“नाही चुकायची,” हैबती म्हणाला. “तू नीघ. पोरं वाट बघत असतील.”

त्या संध्याकाळी हैबती आपला पट्टा भरभर चालला आणि उरलेल्या उजेडात धापा टाकत मोराचाही पट्टा चालून आला. मग कासवावरून त्याने हाक दिली, पळत मोरावर गेला, घसा जरा जाड केला आणि दुसरी हाक दिली. “मोर कोरडा!” पुढे घोड्याने उचलली. पहाटेही त्याने तेच केले. कुणाला काही कळले नाही.

कळले फक्त एका माणसाला. हैबतीची एकुलती लेक रंगू खाली कुंभारआळीत दिली होती. कुंभारआळी बरोबर मोराच्या पायथ्याला होती. बायको गेल्यापासून हैबतीला ती लेक आणि तिची दोन मुले, एवढाच काय तो संसार होता. चार दिवसांनी तो तिच्याकडे गेला, तेव्हा भाकरी वाढता वाढता ती हसून म्हणाली, “आबा, मोराला सर्दी झालीय का? त्याचा आवाज तुमच्यासारखा येतो.”

हैबतीने दाराकडे पाहिले.

“घाबरू नका, मी कुणाला सांगत नाही,” ती म्हणाली. “मला तर बरंच वाटतं. आधी तुमची एक हाक ऐकली की झोप लागायची. आता दोन ऐकू येतात.”

हैबतीही हसला. त्याला तिला सांगायचे होते, की बाई, दोन पट्टे एका माणसाच्याने होत नाहीत. पण नातू मांडीवर येऊन बसला आणि ते सांगायचे राहून गेले.

इकडे राजाच्या कानावर आले, की राखणदार दूर दूर राहायला गेले आहेत. राजा मनाने चांगला होता. त्याने भर दरबारात सांगितले, “ज्यांच्यावाचून नगरी एक दिवस चालणार नाही, त्यांना नगरीत परवडेल असं घर मिळालं पाहिजे. प्रत्येक दगडाशेजारी राखणदारासाठी पक्कं घर बांधा.”

घरे बांधली गेली आणि चांगली बांधली गेली. दगडी जोते, कौलारू छप्पर, पुढे ओटा. मोराशेजारचे घर पाहायला सखोबा बायकोला खिंडीपलीकडून घेऊन आला. तिने ओट्यावर हात फिरवला आणि चूल कुठे मांडायची ते मनाशी ठरवून टाकले.

भाडे किती घ्यायचे ते ठरवणे दिवाणजींकडे होते. दिवाणजी लबाड नव्हते, हिशेबी होते. ते म्हणाले, “फुकट दिलं तर खजिन्याला खड्डा पडेल. बाजारात जो भाव असेल, त्याच्यापेक्षा रुपयामागे चार आणे कमी घेऊ. भाव कितीही वाढो, राखणदाराला कायमची सवलत.” राजाला हे पटले. दवंडी पिटली गेली. राखणदारांनी गूळ वाटला, हैबतीने सखोबाच्या पाठीवर थाप मारली.

मग भाडे कळले. बाजारातला भाव सावकारांच्या ऐपतीचा होता. त्यातले चार आणे कमी केले तरी सखोबाचा पगार त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. आणि नवी घरे झाल्यावर बांध आणखी देखणा दिसू लागला, म्हणून भाव पुन्हा चढला.

हैबतीने ठरवले, आपण जाऊन सांगायचे. तो आणि सखोबा दरबारात गेले. हैबती आयुष्यात इतक्या लोकांपुढे कधी बोलला नव्हता. त्याने मुंडासे नीट केले, हात जोडले आणि जमेल तसे सांगितले, की घर छान आहे, पण परवडत नाही.

“बाजारापेक्षा कमी आहे की नाही?” दिवाणजींनी विचारले.

“आहे, दिवाणजी.”

“मग?”

“बाजारच आमच्या डोक्यावरून गेलाय. तो इतका कशानं चढला?”

दिवाणजी प्रामाणिकपणे म्हणाले, “बांध कोरडा आहे म्हणून. तुम्ही काम चोख करता म्हणून.”

बाजूला तुपाचा एक व्यापारी बसला होता. तो पोट हलवत म्हणाला, “मग जरा ओलं राहू द्या की हो. भाव उतरेल, तुम्हालाही घर मिळेल.” दरबार हसला. सखोबाने मान खाली घातली.

राजा मात्र हसला नाही. तो पुढे वाकून म्हणाला, “हैबती, खरं सांग. सखोबा खिंडीपलीकडे राहतो. मग आज मोर कोण राखतं?”

हाच तो क्षण होता. हैबतीने तोंड उघडले. त्याला सांगायचे होते, की महाराज, कुणीच राखत नाही, दिवेलागणीला तिथे माणूस नसतो, मी नुसता पळत जाऊन ओरडतो. पण ते सांगितले असते तर सखोबाची चाकरी त्याच घडीला गेली असती. शेजारी सखोबा अजून मान खाली घालून उभा होता.

“सखोबाच राखतो, महाराज,” हैबती म्हणाला. “हाक येते ना.”

राजाचा जीव भांड्यात पडला. “येते खरी. मी रोज ऐकतो. मग एवढी घाई नाही. पुढच्या साली पाहू.”

आणि दोघे परत आले. वाटेत सखोबा म्हणाला, “दादा, तुझे उपकार कसे फेडू?” हैबतीला ते शब्द गोड लागले नाहीत.

आता पक्की घरे रिकामी पडून होती. रिकामे घर म्हणजे खजिन्याचे नुकसान, असे दिवाणजींनी दाखवून दिले. राखणदारांना परवडेपर्यंत ती ज्यांना परवडतात त्यांना द्यावीत, असा हुकूम निघाला. मोराशेजारच्या घरात तोच तुपाचा व्यापारी हवा खायला राहू लागला. त्याने ओट्यापुढे बाग केली. बागेत कारंजे हवे म्हणून त्याच्या माळ्याने बांधाच्या माथ्यावरून एक बोटभर पाट काढला. सखोबा भर दुपारी तिथून गेला तेव्हा त्याला फक्त फुले दिसली. तो हळहळला आणि पुढे गेला.

हैबतीचे काय झाले, तेही सांगायला हवे. पहिले काही दिवस तो मोराचा पट्टा सगळा चालला. मग गुडघा धरू लागला, तेव्हा अर्धाच चालू लागला. मग वरून नुसती नजर टाकू लागला. मग एक दिवस कासवावरच उभा राहून, तोंड मोराकडे वळवून, त्याने दुसरी हाक दिली. आकाश होते तिथेच राहिले, नगरीने सुखाने झोप घेतली. मोठी चूक माणूस एका दिवसात करत नाही, मुलांनो. रोज थोडी थोडी करतो, आणि काही झाले नाही हे पाहून उद्याची करतो.

एका संध्याकाळी त्याला मोराच्या पायथ्याशी गवताचा एक हिरवागार पट्टा दिसला. आजूबाजूचे सगळे गवत पिवळे पडलेले होते. आत ओल असल्याशिवाय असे गवत उगवत नाही, हे त्याला ठाऊक होते. पण वर कारंजे उडत होते. ‘बागेचंच पाणी झिरपत असेल,’ असे त्याने मनाला सांगितले. सकाळी सखोबाला सांगू, असेही ठरवले. मग त्याने आपल्या कासवाचा पट्टा नेहमीसारखा पावलापावलाने तपासला, कारण त्या बाबतीत त्याच्याइतका चोख माणूस बांधावर दुसरा नव्हता. तळे त्या दिवशी तुडुंब होते.

“हत्ती कोरडा!” पलीकडून हाक आली.

“कासव कोरडं!” हैबती ओरडला. मग घसा जाड करून, “मोर कोरडा!”

पुढे घोडा, पुढे मासा. हाक पुरी झाली.

पहाटे, फेरीची वेळ व्हायच्या आधी, बांध मोराजवळ फुटला.

काय झाले ते रंगवून सांगण्यात अर्थ नाही. पाणी खाली गेले. कुंभारआळी जिथे होती तिथे सूर्य उगवला तेव्हा चिखल होता, आणि चिखलात मडक्यांच्या खापऱ्या होत्या. पुढच्या आळ्याही गेल्या. राजवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत गाळ साचला. तुपाचा व्यापारी वाचला, कारण त्याला नगरीच्या वरच्या अंगाला आणखी एक घर होते आणि त्या रात्री तो तिथे झोपला होता.

हैबती उजाडल्यापासून गाळ उपसत होता. तिथे त्याला कुंभारआळीतली एक म्हातारी भेटली. आळीतून तेवढी एकटी वाचली होती. ती म्हणाली, “सांजच्याला आळीच्या गटारात गढूळ पाणी आलं होतं. मी म्हटलं, चला टेकडीवर. चार बाया निघाल्या पण. तुझी रंगू म्हणाली, आबांची हाक आलीय. मोर कोरडा म्हणजे कोरडा, माझे आबा खोटं बोलायचे नाहीत. मग त्याही थांबल्या. मी आपली भित्री, एकटीच गेले.”

म्हातारीला काही ठाऊक नव्हते. ती लेकीचे कौतुकच सांगत होती.

ऊन चढल्यावर सखोबा खिंडीतून आला. मोराचा दगड नव्हता, त्याच्या शेजारचे घर नव्हते, खाली आळी नव्हती. तो हैबतीजवळ येऊन उभा राहिला. त्याने विचारले, “दादा, काल तू पाहिलं होतंस?”

“नाही,” हैबती म्हणाला.

त्यानंतर ते दोघे पुन्हा कधी एकमेकांशी बोलले नाहीत. भांडण नव्हते. बोलायला काही उरले नव्हते.

राजा रडला, आणि खरोखर रडला. दिवाणजींनी पुन्हा हिशेब केला. तळे रिते झाले होते, कमळे चिखलात सडत होती, वारा यायचा तो दुर्गंधी घेऊन. बांधावरच्या जमिनीला आता कुणी विचारत नव्हते. सावकार केव्हाच दुसऱ्या डोंगराकडे गेले होते. भाव कोसळला होता, आणि कोसळलेल्या भावातून नियमाप्रमाणे रुपयामागे चार आणे वजा झाले. मग दवंडी आली. तीच दवंडी, तोच दवंडीवाला. “राखणदार हो, ऐका! महाराजांच्या कृपेने बांधावरची पक्की घरं आता तुम्हाला परवडतील हो!”

कासवाशेजारचे घर हैबतीला मिळाले. शिपायाने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि नशीबवान आहेस म्हणाला. हैबती ओट्यावर जाऊन बसला. त्या ओट्यावरून नगरी चांगली दिसावी, हे ते घर बांधणाऱ्यांनी मुद्दाम पाहिले होते. समोर कुंभारआळीची रिकामी जागा होती.

दिवेलागण झाली. पलीकडे हत्तीचा म्हातारा राखणदार पिढ्यांच्या सवयीने दगडावर चढला. राखायला काही नव्हते, पण त्याचे पाय त्याला तिथे घेऊन गेले होते.

“हत्ती कोरडा!”

हाक आली आणि थांबली. आता कासवाची पाळी होती. हैबतीने तोंड उघडले. आवाज निघाला नाही. त्याने पुन्हा उघडले. मग त्याने ते दोन्ही हातांनी झाकून घेतले.

खाली, उरलेल्या आळ्यांत, माणसे कान देऊन उभी होती. कासवाची हाक आली नाही. मोराची तर येणारच नव्हती. तेव्हा एकेक जण मुलांना कडेवर घेऊन टेकडी चढू लागला. तळ्यात थेंबभर पाणी नव्हते, तरी ते चढत राहिले. हैबती ओट्यावर बसून, दिसेनासे होईपर्यंत, त्यांच्याकडे पाहत राहिला.

तात्पर्य: ज्यांच्या राखणीवर आपले घर उभे असते, त्यांना आपल्याजवळ राहणे परवडेल अशी सोय जो समाज करत नाही, त्याच्या डोक्यावरचे छप्पर हाकेपुरतेच उरलेले असते.